दोन काटे, एक बंडी

दिवाळीनंतर यवतमाळकडच्या एखाद्या जिनिंगवर जाऊन पाहा. कापसाच्या गाड्यांची रांग पार सडकेपर्यंत आलेली असते. दुसरा वजनकाटा सुरू झाला की रांग भराभर सरकते, पण एका कास्तकाराची बंडी काही दोन काट्यांवर चढत नाही. तिला लागायचा तेवढा वेळ लागतोच.

दोन नेटवर्क स्विच, म्हणजे संगणकांच्या तारा जिथे एकत्र येतात त्या पेट्या; त्यांच्यामधल्या दोन-तीन तारांची एक मोट बांधतात, त्या लिंक ॲग्रिगेशनचंही असंच आहे. तालुक्याच्या कॉलेजात लॅब आणि ऑफिस यांच्यामध्ये सेकंदाला एक-एक गिगाबिट नेणाऱ्या दोन तारा टाकल्या, तरी एका संगणकावरची एक फाइल सेकंदाला एक गिगाबिटपेक्षा वेगाने जात नाही. चाळीस मुलं एकदम कामाला बसली की मात्र फरक जाणवतो.

असं का? दोन संगणकांच्या एका संवादातले माहितीचे तुकडे पाठवल्या क्रमानेच पोचायला हवेत. दोन वाटांनी विखुरले तर मागचा पुढे जाईल. म्हणून पाठवणारा स्विच त्या संगणकांच्या पत्त्यांवरून एक गणित करतो आणि तो संवाद एकाच तारेवर ठेवतो. हे गणित कशावरून करायचं, हे सेटिंगमध्ये ठरवता येतं. नुसता पाठवणाऱ्याचा पत्ता धरला, तर एका सर्व्हरकडून निघालेलं सगळं एकाच तारेवर गर्दी करतं आणि दुसरी रिकामी राहते. दोन्हीकडचे आयपी पत्ते धरावेत, हे माझं मत.

मांडणी करताना एक पथ्य पाळाच: आधी दोन्ही स्विचच्या सेटिंगमध्ये तारांचा गट, म्हणजे ही मोट, तयार करा, दुसरी तार मग खोचा. नाहीतर दोन स्विचमध्ये फेरा तयार होतो. इथरनेटच्या, म्हणजे या तारांवरच्या नेटवर्कच्या, तुकड्याला आयुष्याची मर्यादा नसते, त्यामुळे सर्वांसाठी पाठवलेला एकच संदेश फिरत-वाढत सगळं नेटवर्क गुदमरवतो. रेडिया पर्लमन यांनी 1985 मध्ये शोधलेली स्पॅनिंग ट्री पद्धत चालू असेल तर ती दुसरी तार बंद ठेवून फेरा टाळते. पण मग ती तार टाकून उपयोग काय? गट बांधला की स्पॅनिंग ट्रीला दोन्ही तारा मिळून एकच दिसतात.

गट हाताने पक्का करता येतो किंवा एलएसीपीने, म्हणजे स्विचनी आपसात बोलून गट बांधण्याच्या पद्धतीने. 2000 साली ती इथरनेटच्या मानकात आली. मी नेहमी एलएसीपीच घेतो. मध्ये फायबरचा कन्व्हर्टर (तांब्याच्या तारेवरची माहिती काचतंतूवर चढवणारी डबी) असला आणि पलीकडची वाट तुटली, तरी अलीकडचा दिवा हिरवाच राहतो. पक्का गट त्या खड्ड्यात माहिती ओतत राहतो. एलएसीपीचे स्विच एकमेकांना दर सेकंदाला किंवा दर 30 सेकंदांनी हाक देतात, आणि तीन हाका चुकल्या की ती तार गटाबाहेर. एक टोक तरी 'ॲक्टिव्ह', म्हणजे स्वतःहून हाक देणारं, हवं; दोन्ही 'पॅसिव्ह' ठेवली तर दोघं एकमेकांची वाट पाहत बसतात आणि गट बांधलाच जात नाही.

सगळं झालं की मोठी फाइल कॉपी करायला लावा आणि चालू असतानाच एक तार उपसा. क्षणभर अडखळून कॉपी पुढे सरकली, तर दुसरी तार उपसून तेच पाहा. पहिली आधी परत खोचायला विसरू नका.