थाळीफेक

मैदानी स्पर्धांतील एक फेकप्रकार. २.५० मी. व्यासाच्या वर्तुळातून साधारण दीड गिरकी घेऊन थाळी फेकतात. पुरुषांची थाळी २ किग्रॅ., स्त्रियांची १ किग्रॅ. वजनाची असते. ती जमिनीवर पडण्याआधी खेळाडूने वर्तुळ सोडले, तर फेक बाद ठरते.

मराठी नाव रूढ असले तरी नेमके नाही. संस्कृत ‘स्थाली’ म्हणजे शिजवण्याचे भांडे. त्यावरून आलेली थाळी पसरट आणि काठाला उचललेली. नाशिकच्या भांडी बाजारात पितळी थाळी हातात घेतली की फरक कळतो : खेळातील थाळी तिच्या उलट, मध्ये सुमारे ४५ मिमी. जाड (पुरुषांची) आणि कडेकडे निमुळती होत जाणारी. ‘चकती’ हा शब्द अधिक जवळचा ठरला असता. हिचा संबंध सुदर्शन चक्राशी जोडण्याचा मोह होतो. पण चक्र हे धारेने कापणारे शस्त्र आणि थाळीफेकीत मोजतात ते केवळ अंतर. त्यामुळे तो ग्राह्य वाटत नाही.

खेळ ग्रीक आहे, याबद्दल दुमत नाही. प्राचीन ऑलिंपिकमध्ये तो स्वतंत्र नव्हता, पंचक्रीडेचा भाग होता. पंचक्रीडेचा आरंभ परंपरेने इ.स.पू. ७०८ मध्ये धरतात. उपलब्ध दगडी व ब्राँझच्या थाळ्यांची वजने दीड-दोन किलोंपासून सहा किलोंच्या पुढेही जातात, त्यामुळे जुन्या अंतरांची आजच्या अंतरांशी तुलना फारशी उपयोगाची नाही. क्रोटनच्या फायलसने ९५ फूट थाळी फेकल्याचे एका जुन्या काव्यपंक्तीत येते. पण तीच पंक्ती त्याची लांब उडी अविश्वसनीय अशी ५५ फूट सांगते, हे लक्षात ठेवावे.

वाद आहे तो फेकीच्या पद्धतीचा. ग्रीक शिल्पकार मायरनचा थाळीफेकपटूचा सुप्रसिद्ध पुतळा (इ.स.पू. पाचव्या शतकाचा मध्य) मूळ रूपात उरलेला नाही, आहेत त्या रोमन काळातील संगमरवरी प्रतिकृती. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील प्रतिकृतीचे डोके चुकीच्या दिशेने बसवलेले आहे. रोममधील प्रतिकृतीत मान मागे, थाळीकडे वळलेली असून तीच मुळाशी प्रामाणिक मानतात. या पवित्र्यावरून शरीराचा पीळ दिसतो, गिरकी दिसत नाही. प्राचीन खेळाडू पूर्ण गिरकी घेत नसावेत, हा पक्ष म्हणूनच अधिक सयुक्तिक. आधुनिक गिरकीचे श्रेय सामान्यतः बोहेमियाचा फ्रांटिशेक यांदा-सुक (पॅरिस, १९००, रौप्य) याला देतात. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्राचीन पद्धतीचे अनुकरण करणाऱ्या ‘ग्रीक शैली’ची वेगळी स्पर्धाही झाली, ती पुढे ऑलिंपिकमधून नाहीशी झाली.

भारतीयांत प्रवीणकुमार सोबती (१९४७–२०२२) यांची कारकीर्द उल्लेखनीय. १९६६ व १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धांत त्यांनी थाळीफेकीचे सुवर्ण मिळवले, १९७४ मध्ये तेहरानला रौप्य. हातोडाफेकीत १९६६ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतही त्यांना रौप्य होते. सीमा सुरक्षा दलात नोकरी केलेल्या या खेळाडूला मराठी घरे मात्र ओळखतात ती निवृत्तीनंतरच्या ‘महाभारत’ मालिकेतील भीम म्हणून. विकास गौडा यांनी २०१३ मध्ये पुण्यात आशियाई अजिंक्यपद आणि २०१४ मध्ये राष्ट्रकुल सुवर्ण मिळवले. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत कृष्णा पूनिया यांनी ६१.५१ मी. फेक करून सुवर्ण जिंकले आणि उरलेली दोन पदकेही भारतीय महिलांनाच मिळाली. नाशिककरांना मात्र ती स्पर्धा आठवते ती सावरपाड्याच्या कविता राऊत यांच्या १०,००० मी. शर्यतीतील ब्राँझसाठी, जिल्ह्याचे नाव धावण्याने झाले, फेकीने नव्हे.

पुरुषांचा १९८६ चा विश्वविक्रम (७४.०८ मी., युर्गेन शुल्ट) लिथुआनियाच्या मिकोलास अलेक्नाने २०२४ मध्ये मोडला व २०२५ मध्ये ७५.५६ मी.पर्यंत नेला. दोन्ही फेकी ओक्लाहोमातील रामोना या वाऱ्याच्या गावी झाल्या. समोरून येणारा वारा थाळीला उचलून धरतो, आणि फेकप्रकारांत विक्रमासाठी वाऱ्याची मर्यादा नाही. नाशिकला पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो; फेक पश्चिमेला होईल असे वर्तुळ आखले, तर तो तेवढ्या महिन्यांपुरता कामी येईल.