रिपोर्टमधला ‘कन्स्ट्रेंट’ तक्ता कसा वाचावा

आमच्या प्रत्येक एफईए (फायनाइट एलिमेंट अ‍ॅनालिसिस, म्हणजे लोडखाली पार्टचे काय होते याचे संगणकी गणित) रिपोर्टच्या शेवटी आकड्यांचा एक रुक्ष तक्ता असतो. बरेच ग्राहक रंगीत चित्रे पाहून थांबतात, तिथवर येतच नाहीत. पण चित्रातला लाल डाग, म्हणजे जास्त स्ट्रेस (ताण), तुमच्या पार्टचा की आमच्या मॉडेलचा, याचा उलगडा बहुतेक वेळा याच तक्त्यात होतो.

गणितासाठी पार्टचे छोटे तुकडे पाडतात: तुकडा म्हणजे एलिमेंट, त्यांची जाळी म्हणजे मेश आणि तुकड्यांना जोडणारे बिंदू म्हणजे नोड. लीनियर कन्स्ट्रेंट म्हणजे एका नोडची हालचाल इतर नोडांच्या हालचालींना साध्या समीकरणाने बांधणे. बारीक मेश जाड मेशला भिडते तिथे बारीक बाजूचा एक नोड जाड एलिमेंटच्या कडेवर मधोमध लोंबकळतो. तो मोकळा सोडला तर लोड येताच तिथे फट पडते. म्हणून त्याची हालचाल = ½ × डावा नोड + ½ × उजवा नोड. क्वाड्रॅटिक एलिमेंट (ज्याच्या कडेच्या मध्यावरही एक नोड असतो) असेल तर कडेच्या पाव अंतरावरच्या नोडसाठी हेच गुणक जवळचे टोक, मध्य आणि दूरचे टोक या क्रमाने ३/८, ३/४ आणि −१/८ होतात. उणे चिन्ह छपाईची चूक नव्हे. अशा जोडांत बेरीज १ येते का, एवढे जरूर पाहा. येत नसेल तर अख्खा पार्ट नुसता सरकवला तरी त्यात स्ट्रेस दिसेल.

पहिल्या रकान्यात परावलंबी नोड आणि त्याची दिशा असते. अबॅकस हे आमचे एफईए सॉफ्टवेअर समीकरणात सर्वांत आधी लिहिलेला हा अज्ञात गणितातून काढून टाकते. मग त्याच नोडला त्याच दिशेने वेगळा सपोर्ट देता येत नाही. ‘इथे सपोर्ट का नाही?’ या प्रश्नाचे उत्तर अनेकदा एवढेच असते.

खरी गडबड बोल्टच्या भोकांपाशी होते. भोकाच्या मधल्या नोडला कडेच्या नोडांशी बांधायचे दोन प्रकार आहेत, आरबीई२ आणि आरबीई३. आरबीई२ मध्ये मधला नोड मालक आणि कडेचे सगळे नोड त्याला जखडलेले. भोक लंबगोल होऊच शकत नाही, आणि कडेला दिसणारा स्ट्रेस बराचसा त्या जखडण्याचाच असतो. आरबीई३ मध्ये उलटे: मधला नोड कडेच्या नोडांची सरासरी घेतो, पार्टला जादा ताठपणा मिळत नाही. खरा बोल्ट या दोहोंच्या मधे कुठेतरी. त्यामुळे भोकालगतच्या एक-दोन एलिमेंटच्या ओळींतला स्ट्रेस आम्ही फॅक्टर ऑफ सेफ्टीसाठी धरत नाही, मग चित्र कितीही लाल असो. तिथलेच उत्तर हवे असेल तर बोल्ट, वॉशर आणि कॉन्टॅक्ट यांचे वेगळे मॉडेल लागते. त्याला वेळही जास्त आणि खर्चही.

तापमानाच्या कामात साधी आरबीई२ फुगत नाही, म्हणून खोटा स्ट्रेस दाखवते. आणि ही समीकरणे छोट्या फिरण्यापुरतीच खरी. लिव्हर किंवा बिजागरीचे झाकण बरेच फिरणार असेल तर आधी सांगा.

ड्रॉइंगसोबत प्रत्येक भोकात घट्ट बोल्ट आहे की मोकळी पिन, आणि वॉशरचा बाहेरचा व्यास किती, हे कळवा. व्यास मिळाला नाही तर आम्ही बोल्टच्या डोक्याखालचाच भाग धरतो आणि तसे तक्त्याच्या शेऱ्यात लिहितो.