‘मिस्टर बीन’च्या आधीचे रोवन अॅटकिन्सन

तोतरेपणामुळे सगळ्या वाहिन्यांनी नाकारलेल्या रोवन अॅटकिन्सन यांना अखेर ‘मिस्टर बीन’ या अबोल पात्राने तारले, अशी प्रेरणादायी गोष्ट वर्षानुवर्षे व्हॉट्सअॅपवर फिरत आहे. यातला तोतरेपणा तेवढा खरा असून त्याविषयी ते स्वतः मोकळेपणाने बोलले आहेत. बाकीचा क्रम मात्र उलटा आहे. ‘मिस्टर बीन’ १ जानेवारी १९९० रोजी प्रथम दाखवला गेला, तोवर ऑक्सफर्डमध्ये विद्युत अभियांत्रिकी शिकलेले हे गृहस्थ ब्रिटनमध्ये घरोघरी ठाऊक होते. १९७९ पासून बीबीसीवर गाजलेल्या ‘नॉट द नाइन ओ’क्लॉक न्यूज’ या प्रहसनमालिकेसाठी त्यांना बाफ्टा हा ब्रिटनमधला चित्रपट-दूरचित्रवाणी पुरस्कार मिळाला होता आणि १९८३ ते १९८९ या काळात ‘ब्लॅकअॅडर’ या विनोदी कार्यक्रमाच्या चार मालिकाही येऊन गेल्या होत्या. शिवाय त्यांची ही कीर्ती बोलण्यावरच उभी होती. १९७९ च्या एका प्रहसनात शाळामास्तर झालेले अॅटकिन्सन विद्यार्थ्यांची चमत्कारिक, चावट अर्थाची आडनावे अत्यंत गंभीर चेहऱ्याने, प्रत्येक अक्षर चावून उच्चारत हजेरी घेतात. समोर एकही विद्यार्थी नसतो आणि हशा निव्वळ शब्दफेकीला मिळतो. दुसऱ्या कुणाची भूमिका करताना आपले अडखळणे बहुधा नाहीसे होते, असेही त्यांनी सांगितले आहे, पण फिरत्या मजकुरात हे सोयीस्करपणे गाळलेले असते.