छायाचित्रण शैलीचे अनुकरण

नामवंत छायाचित्रकाराची कामाची रीत समजून घेऊन ती स्वतःच्या फोटोंत उतरवण्याचा सराव. गाजलेला फोटो जसाच्या तसा पुन्हा काढणे ही नक्कल झाली. अनुकरणात विषय आपला असतो, पाहण्याची शिस्त तेवढी उसनी. कित्ता गिरवण्याच्या जातीचाच हा प्रकार. भारतीय कॉपीराइट कायदा (१९५७) विशिष्ट छायाचित्राला संरक्षण देतो, शैलीला नाही.

सुरुवात फोटो वाचण्यापासून होते. सावली कुठे पडली आहे आणि तिची कड धारदार आहे की विरघळलेली, यावरून प्रकाशाची दिशा कळते, त्याचा उगम लहान होता की मोठा तेही कळते. व्यक्तिचित्रात बुबुळावरचा पांढरा ठिपका मोठा करून पाहावा : चौकोनी असेल तर बहुधा खिडकी किंवा सॉफ्टबॉक्स (दिव्यापुढे पांढरे कापड लावलेली पेटी), गोलसर असेल तर प्रकाश पसरवणारी स्टुडिओतली छत्री. पुढच्या-मागच्या वस्तूंच्या आकारातले प्रमाण लेन्सवर नव्हे, तर आपण किती अंतरावर उभे आहोत यावर ठरते. म्हणून ते झूमने साधत नाही, चालावे लागते. फोनमधले तयार फिल्टर रंग आणि फिल्मसारखा दाणा (बारीक खरखरीत पोत) देतात. त्याला शैली म्हणणे म्हणजे शाईलाच हस्ताक्षर म्हणणे.

अनुकरणासाठी सर्वाधिक निवडले जाणारे नाव बहुधा फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ (१९०८–२००४) यांचे. त्यांची बंधने मोजकी : लायका हा छोटा फिल्म कॅमेरा, बहुतेक वेळा ५० मिमी लेन्स, फ्लॅश नाही आणि नंतर फोटोच्या कडांची काटछाट नाही. एपीएस-सी सेन्सरच्या (म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरच्या) डिजिटल कॅमेऱ्यावर साधारण तेवढाच दृश्यकोन ३३ ते ३५ मिमी लेन्स देते. आधी पार्श्वभूमी हेरायची, फोकसचे अंतर लावून ठेवायचे आणि माणूस नेमक्या जागी येईपर्यंत थांबायचे. हे थांबणेच नवशिक्याला जड जाते. गंमत अशी की, डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्यांचा १९३२ चा पॅरिसमधला जगप्रसिद्ध फोटो काटछाट केलेलाच आहे. कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीतून तो टिपला होता, आणि डाव्या बाजूला फळी आड आली होती. शिवाय ते स्वतःही कुणाचे तरी ऋणी होतेच : मार्टिन मुन्काची यांनी टिपलेल्या, टांगानिका सरोवराच्या लाटांत धावत शिरणाऱ्या तीन मुलांच्या फोटोने त्यांना या माध्यमाकडे ओढले.

अनुकरण कुठवर करावे, याचे उत्तम उदाहरण जयपूरचे रघुबीर सिंग (१९४२–१९९९). १९६६ मध्ये जयपुरात त्यांनी कार्तिए-ब्रेसाँ यांना प्रत्यक्ष काम करताना पाहिले. रस्त्यावरची चपळाई आणि गर्दीतून चौकट बांधण्याची हातोटी त्यांनी उचलली. कृष्णधवल मात्र उचलले नाही. गुरूला रंगीत फिल्मची फारशी आस्था नव्हती. सिंग यांना मात्र रंगाशिवाय भारत दिसतच नव्हता. त्यांचे मुंबईवरचे पुस्तक १९९४ मध्ये आले, तेही रंगीत. हावड्याच्या पदपथावर मांडलेल्या आरशांच्या दुकानाचा त्यांचा १९९१ चा फोटो पाहावा. रस्त्यावरची वर्दळ आरशांत तुकड्यातुकड्यांनी शिरते आणि एकाच चौकटीत अनेक चौकटी होतात. क्षण पकडण्याची शिकवण तीच, पण हा फोटो कार्तिए-ब्रेसाँ यांचा म्हणून कुणी ओळखणार नाही.