उभ्या गाडीचा रंग परत येतो का? मशीन पॉलिशला गाडी देण्याआधी एवढं वाचा

पाऊस ओसरला की नाशिकमधल्या आमच्या अंबडच्या वर्कशॉपमध्ये एका ठरावीक प्रकारच्या गाड्या येऊ लागतात. पंचवटीच्या बोळात उंबराखाली तीन वर्षं उभी असलेली, मुलगा परदेशात गेल्यामुळे इंदिरानगरच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली पडून राहिलेली, नाहीतर निफाडकडच्या द्राक्षबागेच्या बांधावर राहून फवारणीचे निळसर ठिपके पडलेली. मालकांचा पहिला प्रश्न एकच असतो: "पुन्हा पेंट मारावा लागेल का हो?"

बहुतेक वेळा नाही लागत. आणि कंपनीचा मूळ रंग वाचत असेल तर तो वाचवावाच, असं आमचं ठाम मत आहे. कारखान्यात भट्टीत पक्का झालेला तो रंग गॅरेजमध्ये तसाच्या तसा पुन्हा बसत नाही.

पण पॉलिश म्हणजे चकाकी चोपडणं नव्हे. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर असतो, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण 100 ते 140 मायक्रॉन भरतं. त्यातला क्लिअर कोट 40-50 मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे सहसा डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. ऊन झेलतो तो हाच थर. ओरखडा घालवायचा म्हणजे त्याच्या भोवतीचा क्लिअर कोट ओरखड्याच्या तळापर्यंत घासून खाली आणायचा. एकदा घासला गेलेला थर परत येत नाही. म्हणून दरवर्षी सवयीने "रबिंग" करून घेऊ नका. कोणी फुकट देत असलं तरी नको.

गाडी आली की आम्ही आधी मीटर लावून पत्र्याच्या प्रत्येक भागावर जाडी मोजतो. मीटर एकूण जाडी सांगतो, एकट्या क्लिअर कोटची नाही. त्यामुळे आकड्याइतकाच हाताचा अंदाजही लागतो. एखाद्या दरवाजावर 300 च्या वर आकडा आला तर तिथे आधी रंगकाम झालेलं असतं, खाली लांबीही (पुट्टी) भरलेली असू शकते. प्लास्टिकच्या बंपरवर हे मीटर चालत नाही. शिवाय प्लास्टिक पटकन तापतं, म्हणून बंपरवर हात नेहमीच हलका ठेवतो.

मग धुणं. शाम्पूने धुतल्यावरही बॉनेटवर तळवा फिरवला की खरखर लागते. ब्रेकची लोखंडी भुकटी, झाडाचा चीक, रस्त्याची धूळ असं सगळं रंगात रुतलेलं असतं. ते क्ले बारने, म्हणजे मऊ मातीसारख्या वडीने, ओलं ठेवून काढावं लागतं. ही पायरी गाळून मशीन लावलं तर तीच घाण पॅडखाली फिरते आणि नवे ओरखडे पाडते.

मशीन दोन प्रकारची असतात. रोटरी एकाच केंद्राभोवती फिरते, झपाट्याने काम करते आणि झपाट्याने तापवते. ड्युअल अॅक्शन फिरता फिरता झुलतेही, त्यामुळे एका जागी उष्णता साचत नाही. सुरुवातीच्या काळात आमच्याच हातून रोटरीने एका बॉनेटच्या उंचवट्याच्या धारेवरचा क्लिअर कोट उडाला होता. ते बॉनेट आम्ही स्वखर्चाने रंगवून दिलं. तेव्हापासून प्रत्येक धारेवर आणि रबरावर टेप लावल्याशिवाय मशीनला हात लावत नाही.

सगळ्या गाडीला आम्ही एकदम भिडत नाही. बॉनेटवर दीड फुटाचा चौकोन घेतो, त्याच्या मधोमध टेप मारतो आणि एकाच बाजूला सर्वात सौम्य पॅड व पॉलिश चालवून बघतो. भागलं नाही तरच कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारं पॉलिश. मग अल्कोहोलने पुसतो, कारण पॉलिशमधलं तेल ओरखड्यात भरून ते लपवतं. गाडी लाल असेल तर टेप काढली की एका बाजूला खडूसारखा फिकट लाल आणि दुसऱ्या बाजूला ट्यूबलाइटची सरळ रेघ दिसणारा गडद लाल. हा चौकोन मालकांना दाखवल्यावरच पुढचं काम आणि दर ठरतो. जुन्या, क्लिअर कोट नसलेल्या रंगात पॅडवर गाडीचाच रंग उतरतो; घाबरू नका, ते बरोबर आहे.

काय होणार नाही, तेही सांगतो. नख अडकतं असा ओरखडा पूर्ण जात नाही. टपावर, बॉनेटवर क्लिअर कोटचे पापुद्रे सुटून पांढरे नकाशे उमटले असतील तर तिथे घासायला काही उरलेलंच नसतं. तेवढा भाग रंगवावाच लागतो. पक्ष्यांच्या विष्ठेने खोल खाल्लेला डाग फिका होतो, पण खूण राहते. अशा गाडीला आम्ही पॉलिशचे पैसे घेत नाही, परत पाठवतो.

काम झाल्यावर वॅक्स किंवा सीलंटचा संरक्षक थर लावून देतो. त्यानंतर बोअरचं पाणी गाडीवर उन्हात वाळू देऊ नका, त्यातल्या क्षारांचे गोल डाग रंगात बसतात. आणि सकाळी कोरडं फडकं किंवा झटकणी मारणं आजच बंद करा. उन्हात दिसणारी कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी बहुतेक त्यानेच पडते.

मध्यम आकाराच्या गाडीला आमच्याकडे दीड ते दोन दिवस लागतात. आणताना गाडी पुसून आणू नका, आहे तशी धुळीसकट आणा. कुठल्या भागाला पूर्वी रंग मारला आहे ते आठवत असेल, तर मशीन सुरू होण्याआधी सांगा.