पीसीओएस म्हणजे वांझपण नव्हे

पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम: हार्मोन्सचा तोल बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास. सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात पडतो न पडतो तोच कुणीतरी बोलून जातं, ‘पीसीओएस आहे, आता मूल कसलं!’ साफ चूक. रिपोर्टमधले ते बारीक ठिपके म्हणजे अंडाशयात अर्धवट वाढून थांबलेल्या, बीजं असलेल्या बारीक पिशव्या. बीजं संपलेली नसतात, वेळेवर सुटत नाहीत इतकंच. म्हणून दिवस राहायला उशीर होतो. लेट्रोझोलच्या गोळ्यांनी अनेकींचं बीज सुटू लागतं. वजन जास्त असेल तर 5 ते 10 टक्के घटलं तरी पाळी मार्गी लागू शकते. उलट, ‘आपल्याला कुठले दिवस जातायत’ म्हणत गर्भनिरोधक टाळणाऱ्या फसतात! काळजी करायचीच तर दुसरी करा: पाळी 3 महिने आलीच नाही, तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जाऊ शकतं, डॉक्टरांना दाखवा. आणि पीसीओएसमध्ये साखरही वाढू शकते, म्हणून बारीक असलात तरी रक्तातली साखर तपासून घ्या.