काळी तबकडी म्हणजे व्हायनिल नव्हे

रेकॉर्डचं वेड परत आलंय. अमेरिकेत २०२२ साली व्हायनिलच्या, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकच्या, तबकड्या सीडींपेक्षा जास्त संख्येनं खपल्या, १९८७ नंतर प्रथमच. आपल्या खान्देशातही माळ्यावरच्या पेट्या खाली उतरताहेत, आणि त्यांच्यासोबत तो जुना समज: काळी, गोल, जड, म्हणजे व्हायनिलच. हे चूक आहे आणि त्यापायी चांगल्या तबकड्या वाया जातात.

लेबलवर ७८, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे, असं लिहिलंय? मग ती बहुतेक लाखेची. लाख, दगडाची पूड, काजळी यांची. व्हायनिलची एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आली १९४८ साली, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी. पण आपल्याकडे १९६०च्या दशकातही ७८च्या निघत होत्या. म्हणजे ‘एवढी जुनी वाटत नाही’ यावर जाऊ नका. काठावर हलकी टिचकी मारा: लाखेची खणकन वाजते, व्हायनिलची बद्द.

अमळनेरला मामांकडे मी अशाच एका तबकडीवर स्पिरिटचा बोळा फिरवला. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. बोळा काळाकुट्ट झाला, चकाकी गेली, ती पुन्हा नीट वाजली नाही. अजून हळहळ वाटते.

सुईही वेगळी लागते. ७८ची खाच रुंद, तिला साधारण ७५ मायक्रॉनची सुई हवी. एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी घासते आणि खरखरच जास्त ऐकू येते. तेवढ्यावरून तबकडी भंगारात देऊ नका.

खरी व्हायनिल मात्र उन्हाला भिते. जळगावच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत थप्पी लावून ठेवली की वाकलीच. उभी ठेवा, सावलीत.